नऊ लुगडी

१४ ऑगस्ट १९६१

विठ्ठलराव वकिलांनी आज ही कोरी डायरी माझ्या हातात ठेवली. निम्मं वर्ष उलटल्यावर डायरी भेट देणारा माणूस वकीलच असायचा. म्हणाले, "मास्तर, तुम्ही रिकामेच आहात. रावसाहेबांचं चरित्र तुम्हीच लिहा." रिकामा म्हणे! पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत खडू झिजवला, निवृत्त होऊन दोनच वर्षं झाली. पण खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं. कोणीतरी काम घेऊन दारात आलं.

काम असं. मुलींच्या शाळेला डिसेंबरात पन्नास वर्षं होतात. शाळा काढली रावसाहेब जयवंतराव देशमुखांनी. इंग्रजांच्या काळात सोळा वर्षं ते इथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. बाजारातली विहीर, दवाखाना, नदीचा घाट, सगळं त्यांच्या हातचं. समारंभात त्यांच्या तसबिरीचं अनावरण, माझं छोटं पुस्तक आणि त्यांच्या घराण्यातल्या कोणाला तरी शाल-नारळ. हा 'कोणीतरी' शोधणंही माझ्याच गळ्यात. एकुलता मुलगा अठरा सालच्या तापाच्या साथीत गेला, पत्नी काशीला गेल्या त्या परत आल्या नाहीत, एवढंच गाव सांगतं.

उकंडा पोस्टमन दारावरून गेला. माझं काही नव्हतं. असायचं कारणही नाही.

२२ ऑगस्ट

आठ दिवस पालिकेच्या दफ्तरात धूळ खाल्ली. आज सोनं सापडलं. शाळेच्या उद्घाटनाचं रावसाहेबांचं भाषण, १९११, कारकुनाच्या मोत्यासारख्या अक्षरात. त्यातलं एक वाक्य उतरवून घेतलं: 'ज्या घरात मुलीचं बोलणं ऐकलं जात नाही, त्या घराला मी घर म्हणत नाही.' पन्नास वर्षांपूर्वी, या गावात, हे बोलायला छाती लागत होती. पुस्तकाच्या पहिल्या पानावर हेच घालणार.

तसबीरही सापडली, जुन्या रजिस्टरांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभी. फेटा, भरघोस मिशा, डोळे मात्र थोडे खाली. पुसायला म्हणून घरी आणली आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवली. वरण अजून दोघांच्या मापाचं होतं, हाताला काही केल्या समजत नाही. जेवताना समोर कोणी असलं म्हणजे दोन घास जास्त जातात.

२९ ऑगस्ट

शाळेचे जुने पट चाळत होतो. सन १९४८, चौथी, अनुक्रमांक सतरा: कोकिळा केशव इंगोले. अक्षर माझंच. मी पान उलटलं.

आता निघालंच आहे तर एकदा लिहून टाकतो. कोकिळा माझी मुलगी. आई गेल्यावर मीच वाढवली, मीच शिकवली, नागपूरला कॉलेजात पाठवली. १९५७ साली तिने जातीबाहेर, मला न विचारता लग्न केलं. मी अडाण नदीवर गेलो आणि तिच्या नावाने आंघोळ केली. ज्याच्या नावाने आंघोळ केली तो आपल्यापुरता मेला, ही आमच्याकडची रीत. तसं तिला कार्ड टाकून कळवलंही. दर दिवाळीला तिचं पाकीट येतं. मी न फोडता उकंडाकडे परत देतो. विषय संपला.

१० सप्टेंबर

काल पोळा झाला. तोरणाखाली बंजाऱ्यांच्या तांड्याचे लोक बैल घेऊन आले होते. झुली, शिंगांना बेगड, गोंड्यांचा नुसता झगमगाट. हिरासिंग नावाचा पन्नाशीचा गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मास्तर, तुमी रावसाहेबाचं पुस्तक लिहून राह्यले म्हने? माहा बाप खेमसिंग त्याईची बंडी हाके. बाप गेला, पन याडी हाये. तिले इचारा. तिच्याजवळ लय हाये." याडी म्हणजे आई, बंडी म्हणजे बैलगाडी. पुढच्या रविवारी येतो म्हणालो.

पुरणपोळी वकिलांच्या घरून आली. दोन खाल्ल्या, दोन तशाच राहिल्या.

१७ सप्टेंबर

आज तांड्यावर जी फजिती झाली ती लिहिलीच पाहिजे.

वही आणि दौत घेऊन मी हिरासिंगच्या अंगणात बसलो मात्र, बघता बघता सगळा तांडा जमला. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. मला वाटलं, रावसाहेबांची केवढी ही आस्था! मग एकजण पुढे येऊन म्हणाला, "लिहा. लखीराम, बाप रामलाल, तीन पोरं." त्यांच्यात काही वर्षांनी एकदा भाट येतो. घराघरातली नावं त्याच्या मोठ्या वहीत चढवतो आणि जुनी वाचून दाखवतो. बारा वर्षं झाली, तो भाट आलाच नव्हता. वही-दौत पाहून त्यांनी मला भाट समजलं. मी भाट नाही, मी मास्तर, असं दोनदा सांगितलं, पण हिरासिंगची आई रुपीबाई म्हणाली, "तुमाले लिहिता येते ना? मंग झालं." सत्तरी केव्हाच ओलांडली असेल, पण हातभर बांगड्या आणि आवाज खणखणीत. मी मुकाट्याने दोन तास नावं लिहिली. तिने स्वतःची सात मुलं लिहवून घेतली. त्यातली चार जन्मल्या वर्षीच गेलेली. मी विचारलं, गेलेल्यांची कशाला? तर म्हणे, "गेली म्हनून काय माही नोहोत?"

शेवटी तिने विचारलं, "तुमाले लेकरं किती?"

"कोणी नाही."

"मंग तुमच्या नावाखाली भाट रेघ ओढीन," ती म्हणाली. त्यांच्यात ज्याचा वंश संपला त्याच्या नावाखाली रेघ मारतात. मला राग आला. मी रावसाहेबांकडे विषय वळवला.

आता खरी गोष्ट. रुपीबाईने आतून आपला जुना फेटिया आणला. या बायकांचा आरशांचा घेरदार घागरा, त्याला फेटिया म्हणतात. आरशांच्या मध्ये हिरव्या रेशमाच्या पट्ट्या होत्या आणि खाली चार बोटं जरीचे काठ. म्हणाली, "हे रावसाहेबाच्या लेकीचं लुगडं."

रावसाहेबांना मुलगी होती, हे मला आज कळलं! सगुणा. बाराव्या वर्षी विधवा झाली. एकविसाव्या वर्षी सरकी काढायच्या कारखान्यातल्या इंजिनवाल्याशी, रामराव नावाच्या माणसाशी तिने दुसरं लग्न लावलं आणि राळेगावला निघून गेली. देशमुखांच्या घरात विधवेचं लग्न! रावसाहेबांनी घाटावर जाऊन तिच्या नावाने आंघोळ केली. साल १९११.

"अन् दुसऱ्या वर्षापासून," रुपीबाई म्हणाली, "दर दिवाळीले एक लुगडं. हिरवं, जरीचं. गावातल्या कोनाले समजू नाई म्हनून माह्या मानसाजवळ देत. तो बंडी घेऊन राळेगावले जाये. ते बाई लुगड्याले हात नाई लावे. म्हने, मेलेल्या बाईले माहेर नसते, वापस ने. वापस कसं नेवाव? रावसाहेब दारात उभे राहत. तोंडानं काई नाई, नुसते पाहत. माहा मानूस म्हने, 'घेतलं, मालक. डोळ्याले लावलं अन् घेतलं.' मंग ते आत जात अन् दार लावून घेत. नऊ वर्ष, रावसाहेब जाईपर्यंत. नऊ लुगडी माह्या घरात पडली. आमी काई लुगडं नेसत नाई, मंग मी फेटिये केले."

"खोटं काहून सांगितलं त्यांनी?" मीही नकळत तिच्याच बोलीत विचारलं.

"तुमी त्या रावसाहेबाचं तोंड नाई पाह्यलं, भाऊ."

मी निघताना तिने फेटियाच्या काठाची वीतभर पट्टी उसवली आणि माझ्या हातात दिली. "सगुणाबाई असन तं तिले दाखवा. ओळखीन."

१८ सप्टेंबर

रात्रीपासून तसबिरीकडे पाहून जेवण जाईना, म्हणून ती उचलून बाहेरच्या खोलीत ठेवली.

जो माणूस भाषणात मुलीचं ऐका म्हणतो आणि त्याच वर्षी घाटावर जातो, त्याला काय म्हणावं? आणि लुगडं पाठवायचं होतं तर बंडीत स्वतः बसायला काय झालं होतं? गावाची भीती! माझं तसं नाही. मी गावाला भिऊन काही केलं नाही. मी केलं ते मला वाईट वाटलं म्हणून केलं. दोन्हींत फरक आहे.

२३ सप्टेंबर

वकिलांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मास्तर, हे पुस्तकात नको. मुलगा होता, अकाली वारला, वंश खुंटला. छापा आणि मोकळे व्हा."

पण चौकशी त्यांनीच केली, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. सगुणाबाई जिवंत आहेत. राळेगावलाच. नवरा गेला, मूलबाळ नाही, एकट्या राहतात. मी आजच त्यांना सविस्तर पत्र लिहिलं, समारंभाचं निमंत्रण दिलं. शेवटी 'उत्तराची वाट पाहतो' असं लिहून खाली रेघ मारली.

१२ ऑक्टोबर

उत्तर नाही. दुसरं पत्र टाकलं.

२० ऑक्टोबर

काल दसरा. सोनं द्यायला शाळेच्या चार मुली आल्या होत्या, आपट्याची पानं अजून टेबलावर आहेत.

हल्ली उकंडाची सायकल वाजली की मी फाटकापर्यंत जातो. आज त्याने लांबूनच हात हलवला. म्हणाला, "नाई, मास्तर. राळेगावचं काईच नाई." मी म्हटलं, "माणसाने साधं हो-नाही तरी कळवावं की नाही? दोन-दोन पत्रं पाठवली. वाचली की चुलीत घातली, कळायला मार्ग नाही. याला काय माणुसकी म्हणायची?"

उकंडा सायकल धरून उभाच राहिला. मग म्हणाला, "लय लागते ना मास्तर, जिवाले?" आणि गेला. मोठा मनकवडा माणूस आहे.

९ नोव्हेंबर, पाडवा

दिवाळी. कोकिळाचं पाकीट दरवर्षी धनतेरशीच्या आत येतं. धनतेरस झाली, लक्ष्मीपूजन झालं, आज पाडवा. आलं नाही.

सकाळी उकंडाला फराळाचं द्यायला थांबवलं. चिवडा वकिलांकडचाच. सहज विचारल्यासारखं केलं, "यंदा परत करायला काही नाही वाटतं?"

तो म्हणाला, "चार वर्ष तुमी वापस केलं. मानूस पाचव्या वर्षी कायले लिहीन?"

बरोबर आहे. मला तेच हवं होतं.

दिवसभर घरात करमलं नाही. एक गोष्ट इथे कबूल करतो, कारण ही डायरी कोणी वाचणार नाही. ते पाकीट परत देण्याआधी मी दरवर्षी पत्त्यावरचं अक्षर पाहत असे. 'ती. बाबांस' यातला 'ती' ती अजून मी शिकवला तसाच काढते. यंदा तेवढंही झालं नाही. नाकारायला तरी एक पत्र यावं.

उद्या भाऊबीज. परवानंतर राळेगावला जाऊन येतो. पत्राचं उत्तर देत नाहीत म्हणजे काय!

१६ नोव्हेंबर

कालच परतलो. आज सगळं सविस्तर लिहितो.

यवतमाळपर्यंत छोट्या रेल्वेगाडीने, पुढे एस.टी. दोन्हीकडे कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया ओटीत कापूस भरून बांधावर चढत होत्या. राळेगावात एका कौलारू खोलीशी कोणीतरी नेऊन सोडलं. सगुणाबाई ओसरीत तूर पाखडत होत्या. ताठ कणा, पांढरे केस आणि रावसाहेबांचेच ते थोडे खाली पाहणारे डोळे.

"पत्रं भेटली तुमची," त्या म्हणाल्या. "मेलेल्या बाईनं उत्तर कसं देवाव?"

मी वाद घातला नाही. खिशातून जरीची पट्टी काढून सुपाच्या कडेवर ठेवली. त्यांनी तूर बाजूला सारली. पट्टीवर बोट फिरवलं. ते लुगडं त्यांनी ओळखलं होतं.

मग मी सगळं सांगितलं. खेमसिंगने लुगडी परत नेलीच नव्हती, 'घेतलं, डोळ्याला लावून घेतलं' असं नऊ वर्षं सांगत होता. मला वाटलं, आपण या बाईंना मोठं सुख देतो आहोत.

"म्हंजे बाप सुखानं गेला म्हना," त्या म्हणाल्या.

"हो."

"बरं झालं."

त्यांनी सूप उचललं, दोनदा पाखडलं, परत खाली ठेवलं.

"नाई. नाई झालं बरं," त्या म्हणाल्या, आणि आवाज चिरकला. "मी दर साली लुगडं वापस करत होती, ते कायले? तो चिडीन म्हनून. चिडीन, बंडी जुंपीन अन् मले बोलाले सोता इथं येईन म्हनून. नऊ साल मी दिवाळीले अंगन सारवून बसली. अन् तिथं तो खेमसिंग सांगे, घेतलं! मंग तो कायले येईन? त्याले वाटलं, भागलं."

सत्तर वर्षांची बाई पदर तोंडाला लावून रडली. मी शेजारी बसून राहिलो. पस्तीस वर्षं मुलींना गप्प करण्यात घालवली होती, पण हे माझ्या कामाचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी चहा ठेवला. मी विचारलं, "ते आले असते तर तुम्ही दार उघडलं असतं?"

"ते मले आजबी मालूम नाई. पन तो आला नाई." मग कप माझ्यापुढे ठेवत विचारलं, "तुमाले लेकरं किती?"

मी 'कोणी नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "एक मुलगी. नागपूरला असते."

"काय करते?"

"माहीत नाही."

"तिले लेकरं?"

"माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी शाळेत मुलींकडे पाहत असे तसं. "मंग मास्तर, माह्या बापाचं चरित्र तुमी कायले लिहून राह्यले?"

मी चहा बशीत ओतला.

समारंभाला येणार नाही म्हणाल्या. निघताना मी ती पट्टी उचलायला गेलो, तर त्यांनी हात मधे घातला. "एवढं राहू द्या."

१९ नोव्हेंबर

पुस्तकात एक वाक्य घातलं: 'रावसाहेबांना एक पुत्र व सगुणा नावाची कन्या. कन्या हयात आहेत.' वकील म्हणाले, "मास्तर, तुम्हाला काय झालंय?" मी म्हणालो, हे वाक्य काढायचं तर लेखकाचं नावही काढा. दोन दिवस ते बोलले नाहीत. आज छापखान्यातून कागद आले, वाक्य तसंच आहे.

३ डिसेंबर

समारंभ झाला. भाषणं लांबली, माईक दोनदा बंद पडला. शाल-नारळ कोणाला द्यायचा, हा घोळ शेवटपर्यंत होता. रुपीबाई पहिल्या रांगेत हिरव्या जरीचा फेटिया नेसून बसली होती, हिरासिंग शेजारी. मी वकिलांच्या कानात सांगितलं आणि त्यांनी, नवल म्हणजे, मान डोलावली. म्हातारीने शाल घेतली आणि मला मोठ्याने विचारलं, "सगुणाबाईनं काय म्हटलं?" सगळं सभागृह ऐकत होतं.

खोटं सांगणं किती सोपं होतं. मी तिच्याजवळ वाकून खरं सांगितलं. पट्टी ठेवून घेतली आणि रडल्या. का रडल्या, तेही सांगितलं. तिने शाल डोक्यावरून ओढून घेतली.

"माह्या मानसाले वाटलं, भलं होईन," एवढंच मग म्हणाली.

रावसाहेबांची तसबीर भिंतीवर लागली. आज जेवताना समोर कोणी नाही.

४ डिसेंबर

सकाळी उकंडाला फाटकाशी गाठलं. म्हटलं, "उकंडा, तिचा पत्ता माझ्याकडे नाही रे. पाकिटं तर मी सगळी..."

त्याने सायकल भिंतीला टेकवली. वही मागितली नाही, आठवायला डोळे वर केले नाहीत. "लिहा," म्हणाला. "कोकिळा गजभिये, रामनगर, दुर्गेच्या मंदिरामागं, घर नंबर अठ्ठावन, नागपूर. चार साल मीच वापस लावलं ना, मास्तर. माह्या घरचा पत्ता चुकन, हा नाई चुकत."

लिहून घेतलं. 'आधी कार्ड टाकू का?' असं विचारणार होतो. मग वाटलं, नको. कार्ड कशाला, लुगडं कशाला, मधे कोणी कशाला.

६ डिसेंबर, नागपूर

संध्याकाळी पोचलो. घर सापडायला वेळ लागला. हातात पिशवी, पिशवीत एक धोतर आणि ही डायरी, बस.

दार तिनेच उघडलं. कमरेला लुगड्याचा पदर खोचलेला, हाताला पीठ. मागून एक दोन-अडीच वर्षांची मुलगी तिच्या गुडघ्याला धरून मला बघत होती. मी रस्ताभर पाठ केलेलं वाक्य विसरलो. ती ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. माझ्या पायांकडे पाहिलं, प्रवासाची धूळ होती.

मग म्हणाली, "आंघोळीला पाणी काढू?"

मुद्दाम म्हणाली की लांबून आलेल्या माणसाला विचारतात तसं, ते मला कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावरूनही कळलं नाही. मी हो म्हणालो. आता मोरीत बंब पेटला आहे, पाणी तापतंय, आणि ती छोटी समोर उभी राहून मी काय लिहितो ते पाहते आहे. तिचं नाव अजून विचारलेलं नाही. आंघोळ झाली की विचारतो आणि इथे, माझ्या नावाखाली, लिहून ठेवतो.